समुद्राची भीति आणि समुद्राची ओळख

गेल्या वर्षीच्या जानेवारी महिन्यांत आठव्या इयत्तेच्या पालकांचा एक अर्ज शाळेकडे आला. त्यावर एकतीस सह्या होत्या. "यापुढें आमच्या मुलांस सहलीसाठीं समुद्रावर नेऊं नये," एवढीच त्यांतील मागणी होती. शाळेनें ती मान्य केली, आणि तेव्हांपासून बंद झालेली समुद्राची सहल आजतागायत बंदच आहे. आमच्या शाळेच्या माडीवरून समुद्र दिसतो. वारा पश्चिमेचा असला म्हणजे मधल्या सुट्टींत लाटांचा आवाजही ऐकूं येतो. असें असून भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटी शिकवितांना मला फळ्यावर खडूनें चंद्र काढावा लागतो, आणि मुलें तें चित्र वहींत उतरवून घेतात.

हा लेख मी त्या अर्जाचें उत्तर म्हणून लिहीत आहें. अर्ज करणाऱ्या पालकांस मी यत्किंचितही दोष देत नाहीं. ज्या प्रसंगामुळें तो अर्ज आला, त्या वेळीं मुलें माझ्या हवालीं होतीं, आणि जी चूक घडली ती माझीच होती. तेव्हां आधीं ती चूक सांगतों व मग माझें म्हणणें मांडतों.

मी मूळचा घाटावरचा. नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत जन्मलों, मिशनच्या बोर्डिंगांत राहून शिकलों, पदवीधर झालों, आणि शिक्षकाची जागा मिळाली म्हणून दापोली तालुक्याच्या या किनाऱ्यावर आलों. येथें येईपर्यंत मीं समुद्र पाहिलेला नव्हता. त्याला आज अठरा वर्षें झालीं. केळशी, अंजर्लें, हर्णै, मुरुड, कर्दें, लाडघर हे सारे किनारे मीं मुलांना घेऊन पायांखालीं घातले. सूर्यास्ताचीं वर्णनें निबंधांत लिहवून घेतलीं. परंतु इतक्या वर्षांत मीं पोहणें मात्र शिकून घेतलें नाहीं. बेचाळीस मुलें समुद्रावर नेणाऱ्या शिक्षकाला पोहतां यावें, हा विचार मला कधीं सुचला नाहीं. आणि नवल असें कीं, तो प्रश्न मला कोणा पालकानेंही कधीं विचारला नाहीं.

अर्जाच्या आदल्या डिसेंबरांत, नाताळच्या सुट्टीपूर्वीं, आठवीचा वर्ग घेऊन मी जवळच्या खाडीच्या मुखाशीं गेलों. पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. सुरूच्या बनांत दुपारचीं जेवणें झालीं. साडेतीनच्या सुमारास मुलें ओल्या वाळूवर चेंडू खेळूं लागलीं. चेंडू पाण्यांत गेला. एक मुलगा तो आणावयास गुडघाभर पाण्यांत उतरला, दोन पावलें पुढें गेला, आणि त्याच्या पायांखालची वाळू सरकली. समोरचें पाणी अगदीं शांत दिसत होतें. लाटा फुटत होत्या त्या दोन्ही बाजूंस. त्या शांत पाण्यानेंच त्याला उचलून आंत नेलें. मी कांठावर उभा होतों. हांका मारण्यापलीकडे मला कांहीं करतां येईना. दोन मुलगे त्याच्यामागें धांवणार, तोंच वर्गांतील एक कोळ्याची मुलगी ओरडली, "कोणी जाऊ नका!" पिण्याच्या पाण्याचा मोठा प्लॅस्टिकचा कॅन आम्हीं बरोबर नेला होता. तिनें त्यांतलें उरलेलें पाणी ओतून टाकलें, झांकण घट्ट लावलें आणि तो रिकामा कॅन त्या ओघांत फेकला. ज्या ओघानें मुलाला नेलें होतें, त्यानेंच कॅनही त्याच्याकडे नेला. तो त्याच्या हातीं लागला. तेवढ्यांत नांगरलेल्या होडींत जाळें नीट करीत बसलेला तिचा चुलता होडी सोडून आला व त्यानें मुलाला वर घेतलें. सारें पांचसहा मिनिटांत आटोपलें.

मुलाला कांठावर आणल्यावर तो पोक्त मनुष्य माझ्यावर रागावला नाहीं. "मास्तर, पाणी उतरत असतं तेव्हा खाडीच्या तोंडाशी पोरं उभी करतात का?" एवढेंच त्यानें विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं, कारण पाणी उतरत आहे हेंच मला ठाऊक नव्हतें. आणि ज्या मुलीनें त्या दिवशीं आपल्या वर्गमित्राचा जीव वांचविला, तिला सहामाही परीक्षेंत भूगोलांत मीं शंभरांपैकीं अडतीस गुण दिले होते.

आतां मुख्य प्रश्न. या प्रसंगावरून पालकांनीं असा निष्कर्ष काढला कीं, समुद्र घातकी आहे, सबब मुलांस त्यापासून दूर ठेवावें. माझा निष्कर्ष याच्या उलट आहे. तेरा वर्षें समुद्राच्या शेजारीं राहून त्या मुलाला समुद्राची ओळख झाली नव्हती, म्हणून तो संकटांत सांपडला. त्याचें घर लाटेपासून दोनशें पावलांवर आहे. पुढच्या आठवड्यांत मीं वर्गांत विचारलें, "पोहतां कोणाकोणाला येतें?" बेचाळीसांपैकीं नऊ हात वर झाले, आणि त्यांतले सात कोळीवाड्यांतले होते.

शिवाय, सहल बंद केल्यानें मुलें समुद्रावर जाण्याचीं थांबलीं काय? मी सायंकाळीं किनाऱ्यावर फिरावयास जातों, तेव्हां आमच्याच शाळेचीं मुलें मला तेथें दिसतात. कोणी मोबाइलवर छायाचित्र काढून घेण्यासाठीं ओल्या खडकाच्या टोंकाशीं उभें असतें, कोणी थोरल्या भावाच्या मोटारसायकलवर मागें बसून पाण्याच्या कडेनें फेऱ्या मारीत असतें. मला पाहतांच तीं तोंड लपवितात. समुद्र होता तेथेंच राहिला. मुलांजवळून दूर झाला तो फक्त शिक्षक. धाकानें मुलगा घरच्यांना चोरून पाण्यांत जावयास शिकतो. पाण्यांतून परत कसें यावें, हें धाक शिकवीत नाहीं.

बुडून मरणें म्हणजे दैवाचा फेरा, अशी आपल्याकडे समजूत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं, आणि त्यांत मुलांचा व तरुणांचा भरणा मोठा होता. हें थांबविण्यासाठीं त्या संघटनेनें जे उपाय सुचविले आहेत, त्यांत शाळकरी मुलांना पोहणें व पाण्यांतील सावधगिरी शिकवावी, हा एक प्रमुख उपाय आहे. रांगत्या मुलाला पाण्यापासून राखण्यास कुंपण पुरतें. तेरा वर्षांच्या मुलाला तें पुरत नाहीं.

ही गोष्ट दूरदेशच्या विद्वानांनींच सांगावयास पाहिजे असें नाहीं. आपल्याच तालुक्यांतील पालगडचे साने गुरुजी यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. त्यांतील श्याम पोहावयास जाण्याच्या भीतीनें घरांत लपून बसतो, आणि एरवीं मायेनें ओथंबलेली त्याची आई त्याला शिक्षा करून विहिरीवर पाठविते. आपल्या मुलाला कोणीं भित्रा म्हणावें, हें तिला सहन होणारें नव्हतें. मुलांना मारावें असें मी मुळींच म्हणत नाहीं. परंतु मुलाच्या भीतीला पाठीशीं घातल्यानें त्याचें कल्याण होत नाहीं, हें त्या माउलीनें ओळखलें होतें. आणि ती घाबरलेल्या मुलावर कोणाहून कमी प्रेम करणारी होती, असें कोण म्हणेल?

मग समुद्राची ओळख म्हणजे काय? पहिली ओळख त्याच्या वेळेची. त्या प्रसंगानंतर मी त्या मुलीच्या चुलत्यांकडे संध्याकाळीं जाऊन बसूं लागलों. पहिल्याच दिवशीं त्यांनीं मला किनाऱ्यावरचें जुनें गणित सांगितलें: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारीं तीनच्या सुमारास व पुन्हां रात्रीं तीनच्या सुमारास भरती पुरी होते. अष्टमीला सहाच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो वा वद्य पक्ष असो, हिशेब एकच. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पुरी ओहोटी. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागें पडते. पाऊणपटीचें गणित हें त्याचेंच ढोबळ रूप आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांचें आकर्षण एका रेषेंत येतें व समुद्राला उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तिचा चढउतार थोडा.

आतां आमच्या सहलीचा हिशेब मुलांनींच करून पाहावा. पौर्णिमेचा दुसरा दिवस म्हणजे प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. म्हणजे भरती पाऊण वाजतां पुरी झाली. साडेतीन वाजतां उधाणाची ओहोटी ऐन जोरांत होती, आणि सारी खाडी आपलें पाणी समुद्रांत रितें करीत होती. जें गणित प्राथमिक शाळेंतल्या मुलाला करतां येतें, तें मीं केलें नाहीं, आणि त्यापायीं एका घरचा मुलगा जाणार होता.

दुसरी ओळख पाण्याच्या ओढीची. लाटा कांठाशीं पाणी आणून टाकतात. तें पाणी परत जावयास वाट शोधतें, आणि वाळूचा तळ जेथें खोल असतो तेथून अरुंद ओघानें आंत धांवतें. त्या जागीं लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. अशा ओढींत सांपडलेला मनुष्य सरळ किनाऱ्याकडे पोहूं पाहतो, दमतो व बुडतो. ओढ लागली तर घाबरूं नये, अंग सैल सोडून तरंगावें. पोहतां येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवें पोहत ओघाबाहेर पडावें. ओघ सुटल्यावर मग कांठाकडे वळावें. कांठावरच्यांनीं मागून उडी न टाकतां तरंगणारी वस्तु फेकावी आणि होडीवाल्यास हांक मारावी. हीं चार-पांच वाक्यें या गांवच्या प्रत्येक मुलाला पाढ्यांप्रमाणें पाठ असावयास हवींत. त्या मुलीला तीं शाळेनें शिकविलीं नव्हतीं. तीं तिला घरीं मिळालीं.

तिसरी ओळख समुद्राच्या कांठीं राहणाऱ्या जिवांची, आणि ही मुलांना सर्वांत गोड वाटेल. वाळूवर पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल आपण रोज तुडवितों. तिचें पान आपट्याच्या पानासारखें दुभंगलेलें असतें. भरतीच्या पाण्याची मर्यादा संपते तेथें ती वाढते, आणि तिच्या मुळ्या उडत्या वाळूला धरून ठेवितात. खाडीच्या चिखलांत तिवरें आहेत. त्यांच्या मुळ्या श्वास घेण्यासाठीं चिखलाबाहेर डोकें काढतात, आणि त्यांच्या आश्रयानें मासे व कोळंबी यांचीं पिलें वाढतात. निवटी नांवाचा मासा तेथें चिखलावर उड्या मारीत फिरतो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें, तेव्हां या भागांतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, हें आठवीच्या मुलांनाही आठवत असेल. वाळूच्या टेकड्या, त्यांवरच्या वेली आणि खाडींतलीं तिवरें हा लाटेपुढचा आपला कोट आहे. ज्या मुलानें लहानपणीं तिवरांत उभें राहून निवटी पाहिली, तो मोठेपणीं त्यांवर कुऱ्हाड चालवितांना निदान एकदां तरी थांबेल.

शेजारच्या मंडणगड तालुक्यांतील वेळास गांवाची गोष्ट तर आपल्या डोळ्यांसमोरची आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवी हिंवाळ्यांत रात्रीं वाळूवर येते, खड्डा उकरून त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पूर्वीं हीं अंडीं माणसें उकरून नेत. २००२ सालीं चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनें तेथें त्यांचें रक्षण सुरू केलें. पुढें गांवकरीच त्यांचे राखणदार झाले. ४५ ते ६० दिवसांनीं पिलें बाहेर येतात आणि समुद्राच्या उजेडाकडे चालूं लागतात; किनाऱ्यावर आपले दिवे लखलखत असले, तर तीं चुकून उलट दिशेला जातात. २०२२ च्या जानेवारींत वेळास येथील एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारें यंत्र बसविण्यांत आलें व तिचें नांव 'प्रथमा' ठेविलें, कारण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असा मान मिळालेली ती पहिलीच ऑलिव्ह रिडले होती. मुंबई-पुण्याचीं माणसें रात्रभर प्रवास करून ही पिलें पाहावयास येतात. आमच्या शाळेंतील कितीएक मुलांनीं तीं अद्याप पाहिलेलीं नाहींत! कासवाच्या पिलाला समुद्रांत कसें जावें हें कोणी शिकवीत नाहीं. माणसाच्या पिलाला शिकवावें लागतें.

चौथी ओळख समुद्रावर पोट असणाऱ्या माणसांची. हर्णै बंदरावर वाळूंत मासळीचा लिलाव चालतो, तेथें अर्धा तास उभें राहिल्यानें तोंडी हिशेबाचा जो धडा मिळतो, तो पुस्तकांत मिळणार नाहीं. समोर पाण्यांत सुवर्णदुर्ग उभा आहे. मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें त्याचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश केला. त्याच्या तटापर्यंत नेणाऱ्या होडीवाल्याला पाण्यांतला प्रत्येक खडक ठाऊक असतो. १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी कां असते, असें आमच्या दहावीच्या वर्गांत विचारलें तर किती हात वर येतील, याची मला शंका आहे. ज्यांचीं मुलें वर्गांत मागच्या बांकावर बसतात, त्यांच्याकडून आपण शिकण्यासारखें पुष्कळ आहे, हें मुलांना बंदरावर गेल्यावांचून कळणार नाहीं.

कोणी म्हणतील, "हें सारें खरें; पण परीक्षेंत याला गुण किती?" यावर एकच गोष्ट सांगतों. मुरुड गांवांत वाढलेले महर्षि धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेंत परीक्षेसाठीं सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. तसेच ते परत आले. त्या परीक्षेनें त्यांना कांहीं दिलें नाहीं. परंतु रानांतून, घाटांतून चालत जाऊन येण्याची ती हिंमत त्यांना जन्मभर पुरली. १९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, भारतरत्न झालेल्या या पुरुषाची शाळा या आपल्याच किनाऱ्यावर होती. कोणी असेंही म्हणतील कीं, मुलींनीं पाण्यांत कशाला उतरावें? त्यांनीं त्या दिवशीं कॅन कोणीं फेकला, हें आठवावें.

माझी मागणी अशी नाहीं कीं, उद्यांच मुलांना घेऊन समुद्रावर जावें. मुलांनीं आधीं विहिरींत किंवा तलावांत, जाणत्या पोहणाऱ्याच्या देखरेखीखालीं, पाठीला डबा बांधून पोहणें शिकावें. मगच त्यांना समुद्राचें पाणी दाखवावें. सहलीचा दिवस व वेळ सुट्टी पाहून न ठरवितां तिथि पाहून ठरवावी, आणि भरतीच्या छापील कोष्टकाशीं ताडून घ्यावी. पावसाळ्यांत कोणीं पाण्यांत पाऊल घालूं नये. दर सहलीबरोबर कोळीवाड्यांतील दोन पटाईत पोहणारे योग्य मेहनताना देऊन न्यावे, आणि तरंगणारीं कडीं व दोर बरोबर असावा. आणि ज्याला पोहतां येत नाहीं, अशा शिक्षकाच्या हवालीं मुलें करूं नयेत.

ही शेवटची अट मीं प्रथम स्वतःला लावून घेतली आहे. गेल्या मे महिन्यांत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, मी गांवांतल्या एका वाडींतील विहिरींत उतरलों. कांठावर माझेच विद्यार्थी उभे राहून हंसत होते, आणि शिकविणारी होती तीच मुलगी व तिचा चुलता. पहिल्या आठवड्यांत विहिरीचें बरेंचसें पाणी माझ्या पोटांत गेलें. आतां डब्याशिवाय विहिरीला दोन फेऱ्या मारतां येतात. समुद्रांत कोणाला वांचविण्याइतका मी तयार झालेला नाहीं, आणि तसा आव मी आणणार नाहीं. म्हणूनच बरोबर कोळीवाड्यांतलीं माणसें हवींत. तो मुलगाही विहिरीवर येतो. अजून तो पायऱ्यांवर बसून नुसते पाय पाण्यांत सोडतो. त्याला कोणी घाई करीत नाहीं.

येत्या जूनमध्यें शाळा उघडल्यावर पोहण्याच्या वर्गाचें संमतिपत्रक प्रत्येक घरीं पाठवावें, अशी विनंती मीं मुख्याध्यापकांना केली आहे. तें आपल्या हातीं पडलें, तर पालकांनीं तें रागानें बाजूस ठेवूं नये. आधीं मला बोलावून वाटतील ते प्रश्न विचारावे, विहिरीवर येऊन स्वतः पाहावें, आणि खात्री पटली तरच सही करावी. एकतीस सह्यांचा तो अर्ज मीं जपून ठेविला आहे. त्यांतली चिंता खरी आहे, आणि तिच्यासाठींच हें सारें करावयाचें आहे.